ही हू गेट्स स्लॅप्ड

अमेरिकन मूकपट (१९२४). दिग्दर्शक स्वीडनचे व्हिक्टर श्योस्त्रोम. हॉलिवूडमध्ये ते सीस्ट्रॉम या आडनावाने वावरले. प्रमुख भूमिका लॉन चेनी, नॉर्मा शिअरर व जॉन गिल्बर्ट यांच्या. मेट्रो-गोल्डविन-मेयर ही कंपनी १९२४ मध्येच उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनेच निर्माण केलेला हा पहिला चित्रपट.

पॉल बोमाँ हा पॅरिसमधला गरीब शास्त्रज्ञ. त्याचे मानवाच्या उगमाविषयीचे संशोधन त्याचा आश्रयदाता बॅरन रेन्यार स्वतःच्या नावावर खपवतो. भर विद्वत्सभेत जाब विचारताच बॅरन त्याच्या मुस्काटात भडकावतो आणि सभा हसू लागते. पत्नीही बॅरनकडे जाते, जाता जाता आणखी एक थप्पड देऊन. पॉल नाव टाकून सर्कशीत विदूषक होतो. त्याचा खेळ असा : तो गंभीर चेहऱ्याने काही सांगायला जातो, की बाकीचे विदूषक एकामागून एक थपडा लगावतात, शेवटी अंगरख्यावरचे कापडी काळीज उपटून रिंगणातच पुरतात. तंबू हसून लोटपोट होतो. एके रात्री त्याच गर्दीत बॅरन बसलेला दिसतो आणि पुढे त्याची नजर घोडेस्वारी करणाऱ्या कॉन्सुएलोवर जाते. पॉलचेही तिच्यावर मूक प्रेम असते.

रंग फासलेल्या तोंडाने हसत राहायचे आणि अपमान फक्त डोळ्यांतून कळवायचा, ही अवघड कामगिरी चेनी यांनी पेलली. त्यांचे आईवडील मूकबधिर होते. खाणाखुणांनी बोलण्याची सवय घरातलीच. श्योस्त्रोम यांची दृश्यकल्पनाही पाट्यांवरच्या मजकुरावर फारशी विसंबत नाही : फिरत्या पृथ्वीगोलाच्या कड्यावर इवले विदूषक येऊन बसतात आणि पाहता पाहता ते कडे सर्कशीचे रिंगण होते.

मूळ नाटक रशियन लेखक लिओनिद आंद्रेयेव यांचे (१९१५). त्यात विदूषक कॉन्सुएलोला विष पाजतो आणि स्वतःही घेतो. चित्रपटात तो बॅरन आणि कॉन्सुएलोचा लोभी बाप यांच्यावर सिंह सोडतो; ती मात्र आपल्या प्रियकरासाठी वाचते. हा बदल हॉलिवूडच्या सोयीचा खराच. तरी तलवारीचा घाव लागलेला विदूषक रिंगणात उतरतो व प्रेक्षक त्यालाही खेळच समजतात, हा प्रसंग नाटकाच्या शेवटापेक्षा कमी कडवट नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या मूकपटाचा समावेश झाला.