भीमगडचे रान

खानापूर तालुक्यातल्या भीमगडावर गेलो तो शिवकालीन किल्ला पाहण्यासाठी. तट ढासळलेला, परंतु रान शाबूत. म्हादईचा उगम याच परिसरातला. जवळच्या बारापेडे गुहेतील वटवाघळाची जात १९१३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले.

याच रानात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली तळेवाडी. रस्ता नाही, दवाखाना दूर. पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणायचा. २०२५ मध्ये तेथील कुटुंबांना स्थलांतराचे धनादेश मिळाले. रान वाचावे, माणसेही सुखी व्हावीत. पण किल्लेदारांची नावे धुंडाळणारे आम्ही इतिहासाचे शिक्षक, या गावाची आठवण तरी लिहून ठेवणार आहोत काय?