रूपांतराचे विज्ञान आणि आरोपीचे शरीर

माणसाचा लांडगा होतो, या युरोपीय लोकसमजुतीला विसाव्या शतकातील कथाकारांनी वैज्ञानिक उपपत्ती पुरवल्या. अंधश्रद्धेकडून विवेकाकडे झालेली वाटचाल, असे या प्रकाराचे वर्णन सहज करता येईल. परंतु या उपपत्ती नेमके कशाचे स्पष्टीकरण देतात, हे तपासल्याखेरीज तो निष्कर्ष स्वीकारणे धाडसाचे होईल.

सातव्या शतकातील ग्रीक वैद्य इजायनाचा पॉल याने रात्री लांडग्यासारखे भटकणाऱ्या माणसाची गणना विषादाच्या रुग्णांत केली होती. त्याच्या लेखी बदल शरीरात नव्हता. तो रुग्णाच्या मनात होता. जेम्स ब्लिश याच्या ‘देअर शॅल बी नो डार्कनेस’ (१९५०) या कथेत ही दिशा उलटते. तेथे पिनिअल ग्रंथीच्या स्रावामुळे शरीर खरोखरच आकार बदलते. पुढे १९६४ साली ली इलिस या ब्रिटिश डॉक्टरांनी पॉरफिरिया या दुर्मीळ रक्तविकाराचे रुग्णच लोकांना नर-वृक वाटले असावेत, अशी उपपत्ती मांडली. एक कथा, दुसरा वैद्यकीय निबंध. तरीही दोहोंचे गृहीतक एकच आहे : पाहणाऱ्यांनी काहीतरी खरोखरच पाहिले होते.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. १५८९ साली कोलोनजवळील बेडबर्ग येथे पीटर स्टुम्प याला देहान्त शासन झाले. आपण लांडगा होत असू, ही त्याची कबुली छळाच्या धाकाने मिळवलेली होती. येथे चिकित्सा व्हायला हवी ती आरोपीच्या ग्रंथींची नव्हे, न्यायासनाची. शरीराची उपपत्ती आरोप खरा धरून चालते आणि आरोप करणाऱ्याला प्रश्नाबाहेर ठेवते.

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली ‘वैज्ञानिक अद्भुता’ची स्वतंत्र नोंद केली आहे. त्यात अलौकिक घटनेला तर्काची चौकट मिळते, पण ज्या नियमांच्या आधारे ती मिळते ते नियम प्रचलित विज्ञानाला मान्य नसतात. ब्लिशची ग्रंथी याच वर्गात बसते. अशी संहिता अद्भुताला नाकारत नाही. त्याला नवा अधिकारी तेवढा मिळवून देते. पंचाक्षऱ्याच्या जागी डॉक्टर येतो.

मराठीत लांडगा हा मेंढवाड्याचा शत्रू आहे. रूपांतराचे ठळक प्रतीक तो झालेला नाही. त्यामुळे या प्रश्नाचे जवळचे मराठी उदाहरण वेगळ्या श्रद्धाविषयातून घ्यावे लागते. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने लावली होती. डाव्या-उजव्याची हीच उलटापालट ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या त्यांच्या कथेचे आशयसूत्र बनते. मोबियस पट्टीवरून फिरून आलेली आकृती आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटते. तोच न्याय कथेत त्रिमितीय वस्तूला आणि मानवी देहाला लावला आहे.

उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे-ओवळे अवघड, ही समजूत मराठी वाचकाच्या घरातली आहे. लेखक तिची टिंगल करीत नाही आणि तिला शास्त्राधारही देत नाही. मूर्तीचे उजवेपण हा अवकाशाच्या भूमितीचा प्रश्न ठरताच तिच्याभोवतीचे भय आपोआप गळून पडते. देह येथेही बदलतो, म्हणून कथा तोदोरोवच्या वर्गाबाहेर जात नाही. परंतु हे रूपांतर कोणावर घेतलेला आळ नाही. त्यामागे ना छळ आहे, ना कबुली. ब्लिशची उपपत्ती जुन्या आरोपाला पुरावा पुरवते. नारळीकरांची उपपत्ती भयाचा विषयच बदलते.

हा भेद केवळ साहित्यप्रकाराचा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. जिला चेटकीण म्हटले जाते तिच्या देहात काय आहे, हे हा कायदा विचारत नाही. तसे म्हणणाऱ्याने काय केले, एवढेच विचारतो. लोकभ्रमांना विज्ञानाची जोड देणाऱ्या कथेचे मूल्यमापन करताना समीक्षेनेही हाच प्रश्न आधी विचारावा. उपपत्ती शास्त्रीयदृष्ट्या कितपत शक्य आहे, याचा विचार त्यानंतर करता येईल.