विणकाम आणि शेजारधर्म

श्रोतेहो, हिंवाळ्याची चाहूल लागली कीं घरोघरीं लोकरीचे गुंडे पेटींतून बाहेर निघतात. दुपारच्या निवांत वेळीं दोनचार शेजारणी एकत्र बसतात. सुया चालूं लागतात आणि सुयांबरोबर बोलणेंहि. आपण याकडे फावल्या वेळचा छंद म्हणून पाहतों. परंतु अशाच बैठकींवर एका संपूर्ण खोऱ्याचें सामाजिक जीवन दीर्घकाळ उभें होतें, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. त्या खोऱ्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागांत डेंट नांवाचें एक लहानसें गांव आहे. भोंवतीं उघडेबोडके डोंगर, पाऊस पुष्कळ, जमीन हलकी. मेंढ्या आणि गाई एवढेंच काय तें धन. शेतीवर कुटुंबाचें पोट भरेना, म्हणून लोकांनीं विणकामाचा जोडधंदा धरला. केंडलसारख्या शहरांतील व्यापारी लोकर पुरवीत आणि विणून झालेले मोजे, हातमोजे व टोप्या घेऊन जात. हें काम केवळ बायकांचें नव्हतें. पुरुष, म्हातारीकोतारी, मुलें, सारींच विणीत. कमरपट्ट्यांत एक लाकडी नळी खोवून तिच्या भोंकांत एक सुई रोवीत. त्यामुळें हात मोकळा राही आणि टाके झपाट्यानें पडत. गुरें हाकतांना किंवा बाजाराला जातांनाहि सुया थांबत नसत. मोजे विणण्याचें यंत्र विल्यम ली यानें १५८९ सालींच सिद्ध केलें होतें. तरीहि या डोंगराळ भागांतील हातधंदा पुढें सुमारें तीन शतकें टिकला, त्याचें एक कारण हेंच. यंत्राला भांडवल लागे आणि त्याच्यापुढें बसून राहावें लागे. सुयांना या दोहोंचीहि गरज नव्हती.

रात्र झाली म्हणजे मात्र निराळा प्रकार सुरू होई. हिंवाळ्याच्या लांब रात्रीं प्रत्येकानें आपल्या घरीं वेगळा दिवा आणि वेगळा जाळ ठेवणें परवडणारें नव्हतें. म्हणून आज या घरीं, उद्यां त्या घरीं, असे शेजारी पाळीपाळीनें जमत. या जमण्याला त्यांच्या बोलींत ‘बसायला जाणें’ अशाच अर्थाचें नांव होतें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आधीं स्नेह जडला आणि मग लोक एकत्र आले, असें झालें नाहीं. काटकसरीसाठीं एका जाळाभोंवतीं बसावें लागलें, आणि त्या बसण्यांतून शेजारधर्म उपजला.

या बैठकींचें वर्णन एका थोर शास्त्रज्ञानें करून ठेविलें आहे. ॲडम सेज्विक हा केंब्रिज विद्यापीठांतील भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. याचा जन्म १७८५ सालीं डेंट येथें झाला. बाप गांवचा धर्मोपदेशक. तेथील एका लहान प्रार्थनामंदिराचें नांव परस्पर बदललें गेलें, तेव्हां ८३ वर्षांच्या या वृद्धानें १८६८ सालीं त्याविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि तींत आपल्या बालपणींचें गांव उभें केलें. जाळाभोंवतीं विणणारीं माणसें, हास्यविनोद, गलका. मग एखाद्या चुणचुणीत मुलीला वाचावयास सांगण्यांत येई. एखाददुसरा टाका काय तो चुके; तेवढ्यांत ती ‘रॉबिन्सन क्रूसो’मधील एखादें प्रकरण वाचूं लागे. क्षणांत गलका शांत होई. वाचणारीचा आवाज आणि सुयांची किटकिट, याखेरीज कांहीं ऐकूं येत नसे.

चित्र मोठें रम्य आहे. परंतु इतिहासानें एकच बाजू सांगून चालत नाहीं. याच डेंटमध्यें अठराव्या शतकांत बेटी आणि सॅली यूडेल या दोन बहिणींना लँगडेलहून विणकाम शिकण्यासाठीं पाठविलें होतें. बेटी सात-आठ वर्षांची. सॅली तिच्याहूनहि लहान. तेथें दिवसरात्र विणणें आणि विणणेंच. अखेर कंटाळून दोघी पोरी पळाल्या आणि ऐन थंडींत डोंगरवाटा तुडवीत पायींच आपल्या घरीं पोंचल्या. बेटीनें म्हातारपणीं सांगितलेली ही हकीकत सदे या कवीच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथांत छापलेली आहे.

जाळ तोच, सुया त्याच. मग एकाला जें सुखाचें आठवण वाटलें तें दुसरीला तुरुंगासारखें कां वाटावें? सेज्विक आपल्या माणसांत होता. त्या पोरी परक्या घरीं, परक्यांच्या हुकुमाखालीं होत्या. जात्यावर बसणारी लेक आणि सासुरवाशीण यांच्या ओव्यांतील अंतर आपल्या आयाबहिणींना सांगावयास नको. बरोबर बसणें आणि बरोबरीनें बसणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि शेजारधर्म दुसरींतूनच निपजतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांपुढें डेंटचा हा धंदा मावळला. परंतु एकत्र विणण्याची ओढ मावळली नाहीं. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू होतांच राणी मेरीनें सैनिकांसाठीं तीन लाख जोड मोज्यांची मागणी स्त्रियांपुढें ठेविली, आणि गांवोगांवीं विणणाऱ्यांचे मेळे जमले. १९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें तेव्हां आपल्याकडेहि बायकांनीं जवानांसाठीं स्वेटर विणले. या वेळीं सूत व्यापाऱ्याचें नव्हतें आणि मजुरीहि नव्हती. ज्याचा मुलगा सीमेवर आहे आणि ज्याचा नाहीं, अशीं दोन्हीं घरें एका लोकरीनें बांधलीं गेलीं.

विणकामाचा गुण असा कीं हात गुंतले तरी कान आणि मन मोकळें राहतें. म्हणून तर त्या मुलीचें वाचन खोऱ्यानें ऐकलें. श्रोतेहो, आपणांपैकींहि कांहीं जणी या क्षणीं सुया चालवीत हें भाषण ऐकत असतील. तशा असल्या तर एवढेंच सुचवावेंसें वाटतें: उद्यां लोकर घेऊन शेजारच्या घरीं जा, आणि परवां शेजारणीला आपल्या घरीं बोलवा. पाळी चुकवूं नका.