गाणं बघायला

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापुरात गाणं ऐकायला जात नाहीत, बघायला जातात. ‘म्हशाच्या जत्रेत तमाशा बघितला’ म्हणतात, तसंच ‘गाण्याचा प्रोग्राम बघितला’. शहरातल्या पाहुण्याला हे बोलणं अडाणी वाटतं. मला ते अचूक वाटतं. ज्याच्या आवाजावर दोन पिढ्या वाढल्या तो कलावंत सत्तरीत स्टेजवर येतो, तेव्हा त्याचा सूर कुठवर पोचतो हे मोजायला कोणी आलेलं नसतं. माणूस बघायचा असतो. या बघण्याचा माग काढत गेलं, तर तो आधी स्टेजपाशी जातच नाही.

तो जातो आदिवासी पाड्यावर. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती फेर धरून. समोर बसून बघणारा या मांडणीत नाहीच. म्हातारा तारपावाला मोठा, कारण सगळ्या चाली त्याच्या बोटांत. फुंक आहे तोवर तो वाजवणार. त्याचं वय हा कौतुकाचा वेगळा विषय नसतो. जव्हारच्या वाळवंड्याचे तारपावाले भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. जव्हार 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे हे आपलेच शेजारी, पण त्यांचं नाव आपल्याला दिल्लीहून कळलं.

पैसे मोजून बघणं या तालुक्यांत उतरलं ते घाटावरून. मुरबाडहून टोकावडे, माळशेज, ओतूर अशी वाट धरली की नारायणगाव लागतं. तिथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला जातात. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत बैलबाजार, घोंगड्या, भांडी यांच्या जोडीला तमाशाच्या फडांच्या कनाती असतातच. फडात म्हातारपण लपवायची सोय नाही. काल ज्या बाईची लावणी बघितली ती काही वर्षांनी वगात आईचं काम करते, आणि बघणाराही तोवर पिकलेला असतो. दोघं बरोबरच म्हातारे होतात. तमाशातल्या नारायणगावच्या विठाबाईंना 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागलं. कलावंत उतारवयात का गातो, याचं एक साधं उत्तर या बिलात आहे. हौस असते, पण चूलही असते.

पांढरपेशा रंगभूमी याला अपवाद नव्हती. बालगंधर्व 1955 पर्यंत, म्हणजे वयाच्या सदुसष्टीपर्यंत, स्त्रीभूमिका करत राहिले. देह सुटला होता, कंपनी कर्जात बुडून गेलेली होती, तरी लोक तिकीट काढून जात. उलट गायिका केसरबाई केरकरांनी 1963-64 च्या सुमारास जाहीर गाणं आपणहून बंद केलं. रसिक केसरबाईंच्या निग्रहाची वाहवा करतात. मला वाटतं, थांबणं हीसुद्धा ऐपतीची गोष्ट आहे. फडमालकिणीला ती परवडत नाही.

मग कॅसेट आली आणि सगळं उलटं झालं. तोवर माणूस आधी दिसायचा, आवाज नंतर आठवणीत राहायचा. आता आवाज आधी आला. गायक प्रल्हाद शिंदे सत्यनारायणाच्या पूजेला कर्ण्यातून आले, लग्नाच्या मांडवात आले, जीपच्या टेपवर आले. वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस प्रत्यक्षात कसा दिसतो, हे बघायची नवीच भूक लागली. आज कार्यक्रमाच्या बॅनरवर ज्येष्ठ गायकाचा फोटो गाण्यांच्या नावांपेक्षा मोठा छापतात, तो या भुकेपोटी.

माळशेजसारखा या तालुक्यांत गाणं उतरायचा दुसरा घाट कसाऱ्याचा, शहापूरच्या अंगाला. त्याच्या पलीकडे सिन्नर, आणि सिन्नरच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. 1922 चा जन्म. आंबेडकरी गाणं घेऊन ते गावोगाव फिरले आणि म्हातारपणीही फिरत राहिले. भीमजयंतीच्या मांडवात वामनदादा बसलेले असणं हाच कार्यक्रम असे. गळा साथ देवो न देवो, गाणी सगळ्या मांडवाला पाठ. इथे पुन्हा तारप्यासारखंच: म्हातारा मध्ये आणि बाकीचे त्याच्याभोवती. 2004 च्या मे महिन्यात वामनदादा गेले, पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे. 2010 च्या नोव्हेंबरात शाहीर विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. ऐंशीला टेकले होते.

अशा म्हाताऱ्या कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना 1954-55 पासून आहे. वयाची अट पन्नास. 2024 पर्यंत तिचे तीन वर्ग होते आणि स्थानिक कलावंताला महिना 2250 रुपये मिळत. आता सगळ्यांना सरसकट 5000. अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात: कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो. पाड्यावरच्या तारपावाल्याने कात्रण कुठून आणायचं? त्याचा पुरावा म्हणजे फेरात नाचलेली माणसं.

ज्या वर्षी धिंडांना पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी तमाशातल्या रघुवीर खेडकरांनाही झाली. खेडकर हे तमाशातल्याच कांताबाई सातारकरांचे चिरंजीव. कांताबाई 2021 मध्ये गेल्या. त्यांना बघायचं राहिलं असेल तर आता इलाज नाही, पण येत्या पौष पौर्णिमेला म्हशाला कनाती लागतील. पास मागू नका. तिकीट काढा, मोबाइल खिशात ठेवा, आणि वगात म्हातारी मावशी कामाला उभी राहिली की मधेच उठून जाऊ नका.