यावान्नाच्या कन्या
* यावान्ना ही टोल्किनच्या कल्पित जगातली धान्य-वनस्पतींची देवता. कारागिरीचा देव आउले तिचा पती. त्या जगातले एल्फ लोक तिची पूजा बांधत नाहीत; तिचा मान राखतात तो शेतात आणि चुलीपाशी. लेंबास या प्रवासातल्या भाकरीचे धान्य तिचेच. त्याला धातूचा विळा लावायचा नाही. टपोरी सोनेरी कणसे एकेक करून हाताने खुडायची, ताटेही हातानेच उपटायची आणि त्या पांढऱ्या काडाच्या कणग्या विणायच्या; त्यांना ना कीड लागते, ना बुरशी. कणसापासून भाकरीपर्यंत हात लावण्याचा अधिकार फक्त ‘यावान्नाच्या कन्या’ म्हणवणाऱ्या स्त्रियांना. हा सुंदर तपशील मूळ ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीत नाही. टोल्किनच्या पश्चात, १९९६ मध्ये, त्याच्या मुलाने प्रसिद्ध केलेल्या खंडात आहे. कादंबरीत मात्र शत्रूच्या मॉर्डोर प्रदेशाच्या वाटेवर तिचे नायक फ्रोडो आणि सॅम मुख्यतः याच भाकरीवर तग धरतात.