कारंज्याची भाकर आणि मगनवाडीचा हिशेब

१८६२ साली नागपूरपासून विभक्त झालेल्या वर्धा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या दफ्तरात कोणत्या मौज्यात किती जमीन ज्वारीखाली आणि किती कापसाखाली, याची नोंद मालगुजारी अमदानीत होत असे. परंतु तो दाणा कास्तकाराच्या देहात जाऊन पुढे काय करतो, ही बाब कोणत्याही कारकुनाच्या अखत्यारीत येत नव्हती. तो हिशेब मांडण्याचा उद्योग १४ डिसेंबर १९३४ रोजी स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास आरंभिला, आणि जमनालालजी बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ साली हातसडीचा तांदूळ, गूळ, कच्चा पाला आणि सोयाबीन यांचे प्रयोग स्वतःच्या नि सहकाऱ्यांच्या पोटावर सुरू केले.

हातसडीच्या की गिरणीच्या तांदळाचा वाद मात्र वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) या बाजूस थोडा परकाच होता, असे मला वाटते. कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जाते आणि ते गेले म्हणजे पिष्टमय पदार्थांचे शरीरात रीतसर ज्वलन होत नाही, हे खरे. पण जेथे जात्यावर दळलेल्या ज्वारीची भाकर हेच मुख्य अन्न, तेथे कोंडा टाकून देण्याची चैन होती कोणाला? ज्वारीचे वैगुण्य निराळे. तिच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल अल्प असते, आणि शरीराची रीत अशी की मांस-रक्त घडविण्यास लागणारी सर्व अमिनो आम्ले पुरेशा प्रमाणात हजर नसतील, तर उरलेली सरपणासारखी जाळून टाकायची. तुरीत नेमके लायसिन विपुल. म्हणून भाकरीशी वरण जोडणाऱ्या गृहिणीने रसायनशास्त्राचे नावही न ऐकता ती उणीव भरून काढली होती, आणि जवसाच्या चटणीतून शरीरास स्वतः निर्माण करता न येणारे मेदाम्लही घरात आणले होते. अडचण एवढीच, की डाळ धान्याहून महाग, आणि तंगीत पहिली काटछाट वरणावरच. दुधाचा आधारही बेताचा; या टापूतील गवळाऊ जातीची ख्याती दुधाहून तिच्या चपळ बैलांचीच अधिक.

ही कसर भरण्यासाठीच मगनवाडीने सोयाबीनवर भिस्त ठेवली होती, कारण त्यात शेकडा सुमारे ४० भाग प्रथिने आणि २० भाग तेल असते. पुढे काही दशकांनी ते पीक जिल्ह्याच्या शेतांत खरोखरच पसरले. पण ते कास्तकाराच्या ताटाऐवजी गिरणीत जाते, तेथे तेल निघते, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात पडते.