करी रोडची खाणावळ आणि मोबाइलमधला ब्राउझर

आज आपल्याला मोबाइलमधल्या ब्राउझरबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात आम्ही खाणावळीपासून करणार आहोत.

आमचे बचत गट करी रोडच्या आसपासच्या चाळींत आहेत. हे गिरणगाव. तुमच्यापैकी कित्येकींचे आजे, सासरे कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून इथे गिरणीत कामाला आले असतील. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि जेवायला खाणावळीत जायचे. कोकणातला माणूस माशांचं कालवण मिळेल तिथे जाई, घाटावरचा भाकरी मिळेल तिथे. चव आवडली नाही तर दुसरी खाणावळ धरायची.

खाणावळ चालवणाऱ्या बाईला पैसे मिळत पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर, व्याज भरून. तिचं सगळं खातं दुसऱ्याच्या वहीत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. आपलं खातं कोणाच्या वहीत असावं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. ब्राउझर निवडतानाही प्रश्न हाच असतो.

ब्राउझर म्हणजे काय? ज्या ॲपमधून आपण सातबारा पाहतो, दहावीचा निकाल शोधतो, बँकेचं पान उघडतो, ते ॲप. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली युरोपातल्या सर्न या संस्थेत बनवला. 1993 साली अमेरिकेत मोझेक आला आणि साध्या माणसालाही चित्रांसकट पानं पाहता येऊ लागली. 1994 साली नेटस्केप आला. आपल्या देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यात मुंबई होतीच. त्याच महिन्यात अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर बाहेर पडला.

पुढे कॉम्प्युटर विकत घेतला की त्यात एक्सप्लोरर आधीच बसवलेला मिळू लागला. मग दुसरा कोण शोधणार? नेटस्केप मागे पडला. अमेरिकन सरकारने 1998 साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. आपल्याकडे कितीतरी सरकारी वेबसाइटी एक्सप्लोररमध्येच नीट उघडत. त्या काळी मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर त्याचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दिसत. युनिकोडचा वापर वाढला तेव्हा कुठे मराठी सगळीकडे मराठीसारखी दिसू लागली.

नेटस्केपच्या कामातूनच 2004 साली फायरफॉक्स आला, 2008 साली गूगलचा क्रोम. आज आपल्या फोनमध्ये बहुतेक वेळा क्रोम आधीपासूनच असतो. म्हणजे जुनीच गोष्ट नव्याने. गूगल आपली ॲप्स फोनमध्ये आधीच बसवायला लावतं, यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 साली त्या कंपनीला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला.

आणखी एक आठवण. आपल्यातल्या अनेकींच्या फोनमध्ये यूसी ब्राउझर होता, डेटा कमी लागायचा म्हणून. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात तोही गेला.

आता आपण काय करायचं? आधी गरज पाहायची. फोनमध्ये जागा कमी, नेट हळू चालतं, तर बातम्या वाचायला ऑपेरा मिनीसारखा हलका ब्राउझर बरा. तो पान आकसून आणतो, पण त्यासाठी पान आधी त्या कंपनीच्या यंत्रातून जातं. म्हणून बँकेचं काम त्यात नको, ते बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये करावं. क्रोम बहुतेक साइटींना चालतो, पण त्याची कंपनी जाहिरातींवर कमावते. आपण काय शोधतो, काय पाहतो, यावर तिचा धंदा आहे. फायरफॉक्समागे ना-नफा संस्था आहे, पण तिचंही बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं. दोन्हींची भाषा मराठी करता येते. फुकट जेवण कोणी घालत नाही, तेव्हा बिल कोण भरतं ते विचारून घ्यावं.

आमच्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. गटाचं काम एका केंद्रातल्या कॉम्प्युटरवर केलं आणि ‘पासवर्ड जतन करू का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणून बसलो. थोड्या वेळाने दुसरी ताई तिथे बसली, तर आमचंच खातं तिच्यासमोर उघडलं. ती ताई भली, तिने हाक मारली. चूक आमची होती. तेव्हापासून आमचा नियम आहे: घरात फोन सगळ्यांचा मिळून असेल किंवा कॉम्प्युटर परका असेल, तर पासवर्ड जतन करायचा नाही आणि उठताना खात्यातून बाहेर पडायचं. ‘गुप्त’ खिडकीत पाहिलेलं फोनमध्ये नोंदलं जात नाही, पण मोबाइल कंपनीला आणि वेबसाइटला कळू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की सगळ्यांनी फोन पुढे ठेवा. कोणाकडे कुठला ब्राउझर आहे, तो कोणी बसवला, त्यात कोणते पासवर्ड साठलेत, ते एकमेकींना वाचून न दाखवता आपापले तपासा. नको ते पुसून टाका. गिरणगावच्या बायकांनी आपली वही बदलली, तशी आपल्यालाही बदलता येते.